पुष्पघाटीतील द्रव्यदर्शन : फूल, मूळ आणि संग्रहकाल

चरकाचार्यांनी औषधिभूमींमध्ये हिमालयास अग्रस्थान दिले आहे. अतिविषा, कुटकी, जटामांसी ही हिमालयीन द्रव्ये आपण नित्य योजतो. परंतु ती आपल्यापर्यंत येतात ती केवळ वाळलेल्या मुळांच्या रूपात. त्यांची सजीव अवस्था पाहिल्याविना त्यांतील भेसळ आणि वाढती दुर्मीळता यांचा यथार्थ बोध होत नाही. या दृष्टीने उत्तराखंडातील व्हॅली ऑफ फ्लॉवर्स ही वैद्यांची अभ्यासशाळाच होय.

स्थान व मार्ग

चमोली जिल्ह्यातील पुष्पावती नदीची ही दरी फ्रँक स्माइथ या गिर्यारोहकाने १९३१ मध्ये कामेट शिखरावरून परतताना पाहिली व १९३८ मध्ये ग्रंथरूपाने जगापुढे आणली. १९८२ मध्ये ती राष्ट्रीय उद्यान झाली. २००५ मध्ये जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाली. गोविंदघाटाहून घांगरिया हे सुमारे ३०५० मीटर उंचीचे गाव गाठावे लागते. तेथून दरीपर्यंत तीन-चार किलोमीटरांची चढण आहे. आषाढ ते भाद्रपद हा फुलांचा बहर. आम्ही भाद्रपदारंभी ही वाट चाललो, तेव्हा उतारांवर तेरडे व जिरेनियम दाटले होते. मुक्कामास व वनस्पती तोडण्यास येथे मनाई आहे; अभ्यास डोळ्यांनीच करावा.

द्रव्यविचार

अतिविषेची (अकोनिटम हेटरोफायलम) फुले शिरस्त्राणाच्या आकाराची, हिरवट-निळी व जांभळ्या शिरांची असतात. वरची पाने देठरहित असून खोडास वेढतात. तिचा कंद आतून पांढरा व चवीला कडू असतो. तिच्याच कुळातील वत्सनाभाच्या विषारी जातीही याच उंचीवर वाढतात व त्यांची फुलेही शिरस्त्राणाकारच. वाळलेल्या कंदांत गफलत झाल्यास परिणाम प्राणघातक होऊ शकतो. संशयित कंद जिभेवर ठेवून पाहण्याची पद्धत कटाक्षाने वर्ज्य करावी. सूक्ष्मदर्शक व रासायनिक परीक्षण करून घ्यावे.

कुटकी (पिक्रोऱ्हायझा कुर्रोआ) जमिनीसरशी पसरते. दातेरी पानांच्या झुबक्यातून फिकट निळसर फुलांचा तुरा वर येतो. एवढ्याशा वनस्पतीवर आपली केवढी भिस्त आहे पाहा : आरोग्यवर्धिनीत निम्मा भाग कुटकीच असतो.

संग्रहकाल

मुळे ग्रीष्मात वा शिशिरात घ्यावीत, पाने झडलेली असताना वा नवी फुटलेली असताना, असा चरकाचा निर्देश आहे. हिमालयात शिशिरी बर्फ असते. म्हणून ऋतूच्या नावापेक्षा वनस्पतीची अवस्था हाच निकष मानणे आम्हांस युक्त वाटते. पाने सुकून बी गळाल्यावर, बर्फ पडण्यापूर्वी मूळ काढल्यास मूळ पक्व मिळते व पुढची पिढी मातीत राहते. ऐन बहरात उपटल्यास दोन्हींची हानी होते. फूल वा पान खुडले तर वनस्पती वाचू शकते. समूळ उपटली तर ती संपतेच. त्यातच या उंचीवर वाढीचा काळ वर्षातून जेमतेम चार-पाच महिन्यांचा असतो.

या अतिसंग्रहामुळेच साइट्स या आंतरराष्ट्रीय करारान्वये कुष्ठ १९८५ पासून पहिल्या परिशिष्टात, तर कुटकी व जटामांसी १९९७ पासून दुसऱ्या परिशिष्टात आहेत.

आपले कर्तव्य

औषधनिर्मात्यांनी लागवडीच्या मालास प्राधान्य द्यावे व संग्रहस्थान, संग्रहमास यांची लेखी नोंद पुरवठादाराकडून मागावी. लाहौलमध्ये कुष्ठाची लागवड कित्येक दशके होत आली आहे. कुटकीचीही शक्य आहे. लागवडीचा माल महाग पडतो, हे खरे. परंतु स्वस्त मालाचा आग्रह धरणारा ग्राहकच अपक्व व भेसळयुक्त मुळांना बाजार मिळवून देतो. चिकित्सकांनी अतिविषा खात्रीची नसेल तेव्हा भावप्रकाशोक्त प्रतिनिधिद्रव्य मुस्ता योजावी.

वनौषधींचे नाव व रूप गुराखी, मेंढपाळ जाणतात, असे चरक म्हणतो. पण केवळ नावरूप जाणून भागत नाही. योजना जाणणाराच खरा तज्ज्ञ, असेही तोच सांगतो. आजच्या काळी द्रव्य टिकविणे हाही त्या योजनेचाच भाग मानला पाहिजे.