आधी गारवा, मग उजेड

पोरी, प्रवाळाच्या टाकीचा एलईडी दिवा घरीच करायचा म्हणतेस, जरूर कर. पण एक लक्षात ठेव, आपलं रायपूर समुद्राकाठी नाही. मे महिन्यात इथे पारा पंचेचाळिशीकडे जातो आणि सदर बाजारातल्या खेटून बांधलेल्या घरांत वारा खेळत नाही. प्रवाळाला पाणी २५ ते २७ अंशांचं मानवतं. ते तिशीपलीकडे टिकून राहिलं, की त्याच्या अंगातलं सूक्ष्म शैवाल निघून जातं आणि प्रवाळ पांढरा पडतो. म्हणून आधी गारव्याची सोय, उजेडाची नंतर.

रंग : सराफ्यातल्या शोकेसचा पिवळा उजेड सोनं खुलवतो, प्रवाळाच्या तो फारसा कामाचा नाही. शैवालाला निळा हवा. ४५० नॅनोमीटरच्या आसपासचे रॉयल ब्लू आणि ६५०० केल्व्हिनचे पांढरे एलईडी घे. दोन फुटी उथळ टाकीतल्या मऊ प्रवाळांना तीन वॅटचे आठ निळे आणि चार पांढरे पुरतात.

हीटसिंक : पंख असलेला जाड ॲल्युमिनियमचा हीटसिंक घे, साधी पट्टी नको. एलईडीखाली थर्मल पेस्टचा अगदी पातळ थर दे, थापू नकोस. वर १२ व्होल्टचा छोटा पंखा लाव. तासभर चालल्यावर हीटसिंकला हात टिकला पाहिजे.

जोडणी : निळ्यांची माळ वेगळी, पांढऱ्यांची वेगळी. माळेत एका एलईडीचा प्लस दुसऱ्याच्या मायनसला. प्रत्येक एलईडी सुमारे ३.२ व्होल्ट घेतो, म्हणजे आठ निळ्यांना साधारण २६ व्होल्ट लागतात. तेवढं देणारा, करंट ७०० मिलिअँपिअरवर स्थिर ठेवणारा आणि उजेड कमी-जास्त करता येणारा ड्रायव्हर निवड. डाग दिल्यावर मल्टीमीटरचं एक टोक हीटसिंकला, दुसरं डागाला लाव. बीप वाजला तर शॉर्ट आहे, तो काढल्याशिवाय पुढे जाऊ नकोस. चालू ड्रायव्हरला एलईडी कधीही जोडायचा नाही, साठलेल्या व्होल्टेजच्या झटक्याने तो जळतो.

पाणी आणि वीज : खारं पाणी वीज चटकन वाहून नेतं. ड्रायव्हर टाकीच्या वर नको, बाजूला भिंतीवर लाव. वायर बोर्डाच्या खाली झोळ देऊन मग वर ने, म्हणजे ओघळ खालीच गळतो. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवल्याशिवाय स्विच दाबू नकोस. दिव्याखाली ॲक्रिलिकची काच लाव आणि तिच्यावरचं मीठ दर आठवड्याला पूस.

वीज गेली तर : दिव्यासाठी जीव टाकू नकोस. काही तासांचा अंधार प्रवाळ सोसतो, पण पाणी थांबलं की प्राणवायू संपतो. इन्व्हर्टरवर आधी पंप घे.

प्रवाळ घेताना : दगडी प्रवाळ आणि सी फॅन यांना १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. मालवणहून किंवा रामेश्वरहून कुणी आणून देतो म्हणाला, तरी घ्यायचा नाही.

सुरुवात : दिवा पाण्यापासून वीतभर उंच टांग. पहिला आठवडा निम्म्या करंटवर, रोज चार-पाच तासच चालव. घाईने जास्त उजेड दिलास तर शैवालाला तो सोसत नाही आणि गार पाण्यातही प्रवाळ पांढरा पडतो. तो आठवडाभर नीट फुललेला राहिला, तरच थोडा करंट वाढव. आक्रसला, तर मागच्या पायरीवर ये.