काळ्या जमिनींतील ओलमापक व त्याचा बिनतारी संदेश

येरमाळ्याच्या बाजूस बालाघाटाच्या उतरणीवर मुरमाड जमीन व ओढ्याकांठीं काळी चिकण, अशा दोन्ही जाती पुष्कळदां एकाच शेतकऱ्याच्या वहिवाटींत असतात. विहिरीचें पाणी मोजकें. त्यामुळें उसास किंवा फळबागेस पाणी केव्हां द्यावें हा हिशेब चुकला तर वर्षाची मेहनत बुडते. म्हणून मुळांशीं सेन्सर, म्हणजे ओलमापक, पुरून त्याचा आंकडा बिनतारी मार्गानें घरीं आणण्याची सोय आतां शेतकऱ्यांपुढें येत आहे. नाशिकच्या सुला द्राक्षमळ्यांत मुंबईच्या आय. आय. टी.च्या संशोधकांनीं असें मापकांचें जाळें पूर्वींच बसवून पाहिलें होतें.

हें यंत्र घेण्यापूर्वीं एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. ओल मोजणें निराळें, व ती बातमी जमिनीबाहेर काढणें निराळें. मोकळ्या हवेंतून कोसभर जाणारी लहर ओल्या काळ्या मातींत कांहीं हातांतच क्षीण होते. कारण चिकणमातींतील पाणी व क्षार तिची शक्ति गिळतात. पदार्थ विजेच्या लहरीस किती मंद करतो हें दाखविणारा एक अंक आहे. हवेचा तो १, कोरड्या मातीचा ३ ते ५, आणि पाण्याचा सुमारें ८० असतो. पुष्कळ ओलमापक याच अंकावरून ओल ओळखतात. म्हणजे ज्या गुणामुळें मापन साधतें, त्याच गुणामुळें संदेश अडतो!

आपल्या देशांत परवान्यावांचून वापरतां येणाऱ्या ८६५ मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी हवेंत सुमारें ३५ सेंटिमीटर असते. चांगल्या भिजलेल्या मातींत ती ७ सेंटिमीटरांच्या आसपास येते. हवेसाठीं जुळविलेलें एरियल तेथें बिनसतें. वाय-फायची २४०० मेगाहर्ट्झची लहर तर याहून लौकर मरते. शिवाय खालून तिरपी येणारी लहर पृष्ठभागावर आदळून बहुतेक परत आंत वळते. जवळजवळ उभी आलेलीच बाहेर पडते. यास्तव संदेश घेणारें यंत्र जवळ व उंचावर हवें. अमेरिकेंतील नेब्रास्का विद्यापीठाच्या संशोधकांनीं तें शेतांत फिरणाऱ्या तुषारसिंचनाच्या सांगाड्यावरच बसविलें.

विक्रेता वैशाखांत तापलेल्या जमिनींत पन्नास पावलांवरून संदेश पकडून दाखवितो. तो खोटें बोलत नसतो. परंतु आषाढांत तेंच यंत्र मुकें होऊं शकतें. पैसे चुकते करण्यापूर्वीं ती जागा भरपूर भिजवून दुसऱ्या दिवशीं परीक्षा घ्यावी.

आमच्या मतें मापक खोल पुरावा, एरियल मात्र तारेनें जोडून काठीवर पिकाहून उंच ठेवावें. कुळव व ट्रॅक्टर त्या काठीस ठेवणार नाहींत, हा आक्षेप खरा आहे. उसांत किंवा बागेंत ती अडचण थोडी. सोयाबीन-हरभऱ्याच्या रानांत तार नळींत घालून नांगराच्या फाळाखालून बांधापर्यंत न्यावी. सर्वच यंत्र पुरलें तर बॅटरी बदलण्यास प्रत्येक वेळीं खणावें लागेल, आणि उकरलेल्या मातीची ओल शेताची ओल राहत नाहीं.

काळी जमीन वाळतांना भेगाळते. भेग मापकाशीं आली म्हणजे तो हवाच मोजतो व पिकास पुरेशी ओल असतांहि शेत कोरडें सांगतो. याकरितां बसवितांना त्याच खड्ड्यांतील मातीचा चिखल करून भोंवतीं घट्ट दाबावा. मुरमाड तुकड्यास निराळा मापक ठेवावा. काळीच्या आंकड्यावर त्याचें पाणी ठरवूं नये. पहिल्या हंगामांत दर आठवड्यास गिरमिटानें माती काढून मुठींत दाबून पाहावी, व जें दिसेल तें यंत्राच्या आंकड्याशेजारीं वहींत लिहून ठेवावें.