एक ओमर पुरे

शास्त्रपाठ : निर्गम १६:१३-३०

मिसर देश सोडून महिना झाला आणि इस्राएल लोक भाकरीसाठी कुरकुरू लागले. प्रभूने त्यांना मान्ना दिला. आज्ञा सोपी होती : दर माणशी एक ओमर, म्हणजे एफाचा दहावा भाग. कोणी अधिक वेचला, कोणी कमी. पण मापून पाहता कोणाचे उरले नाही, कोणाला उणे पडले नाही. सकाळपर्यंत ठेवलेल्यात मात्र किडे पडले.

सहाव्या दिवशी वेचलेला दुप्पट मान्ना मात्र नासला नाही, हे ध्यानात घ्यावे. साठवणे हे पाप नव्हे. उद्याच्या देवावर भरवसा नाही म्हणून साठवणे, हे पाप.

गेल्या नाताळात आम्ही चांगला चालणारा फ्रिज काढून हप्त्यांवर मोठा घेतला. पुढे शेजारी आजारपण आले तेव्हा आम्हांला हात आखडता घ्यावा लागला. पगार हप्त्यात गेला होता. आणि त्या मोठ्या फ्रिजमध्ये शिळे अन्न नासत होते! निर्गमाचा सोळावा अध्याय आमच्याच स्वयंपाकघरात घडत होता.

पौलाने या मान्नाचा दाखला दिला (२ करिंथ ८:१५), तो यरुशलेमेतील गरजवंत पवित्र जनांसाठी वर्गणी गोळा करताना. एकाच्या विपुलतेने दुसऱ्याची उणीव भरून निघावी, हा त्याचा भावार्थ.

मननासाठी : या आठवड्यात काही विकत घेण्यापूर्वी आपण स्वतःला विचारू या. ही गरज आहे की हाव? आणि आपल्या घरातला दुसरा ओमर खरोखर कोणाचा आहे?