इंग्रजीचा साधा भूतकाळ आणि मराठीतील 'होतो'

संघ लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा मुख्य परीक्षेतील इंग्रजीची अनिवार्य प्रश्नपत्रिका ३०० गुणांची असते. हे गुण गुणवत्ता यादीसाठी धरले जात नाहीत; परंतु किमान २५ टक्के गुण न मिळाल्यास उमेदवाराचे निबंध, सामान्य अध्ययन आदी विषयांतील गुणही विचारात घेतले जात नाहीत. अशा प्रश्नपत्रिकेत क्रियापदाच्या काळाची चूक महाग पडू शकते.

मराठी माध्यमाच्या उमेदवारांची नेहमीची चूक साध्या भूतकाळात होते. तिचे मूळ बहुधा अज्ञानात नसून मातृभाषेच्या सवयीत असते. 'मी काल पुण्याला गेलो होतो' हे मराठीतील सहज वाक्य होय. जाणे झाले आणि परतही आलो, असे त्यातील 'होतो' सुचवते. नुसते 'गेलो' म्हटले तर ऐकणारा पुढील हकिगतीची वाट पाहतो. या 'होतो'साठी विद्यार्थी 'हॅड' योजतो आणि 'आय हॅड गॉन टू पुणे यस्टर्डे' असे लिहितो. इंग्रजीत येथे 'आय वेंट टू पुणे यस्टर्डे' एवढे पुरेसे आहे. भूतकाळातील दोन घटनांपैकी आधीची घटना वेगळी दाखवायची असेल, तेथेच 'हॅड'चे काम. पहिली पंचवार्षिक योजना १९५१ मध्ये सुरू झाली, हे सांगण्यास 'बिगॅन' पुरते. १९५६ मध्ये दुसरी योजना सुरू झाली तेव्हा पहिली संपलेली होती, हे सांगताना मात्र दुसरीसाठी 'बिगॅन' आणि पहिलीसाठी 'हॅड एंडेड' योजावे.

'तो काल आला आहे' याचे 'ही हॅज कम यस्टर्डे' हे भाषांतरही याच जातीचे. 'यस्टर्डे', 'अगो', 'इन १९५६' असा संपलेला काळ वाक्यात आला की 'हॅज' टाळून 'केम' लिहावे.

रूपे तुलनेने सोपी आहेत. मराठीत 'त्याने पत्र लिहिले' आणि 'त्याने चिठ्ठी लिहिली' असे क्रियापद कर्माप्रमाणे बदलते. इंग्रजीत सर्वत्र 'रोट' चालते. केवळ 'वॉज' आणि 'वेअर' यांत भेद आहे. बहुतेक क्रियापदांना 'ईडी' लागते. अनियमित रूपे पाठच करावी लागतात, त्याला उपाय नाही. काही तर बदलतही नाहीत. सरकारने १९५० मध्ये नियोजन आयोग स्थापन केला (२०१५ मध्ये त्याची जागा नीती आयोगाने घेतली), हे 'द गव्हर्नमेंट सेट अप द प्लॅनिंग कमिशन इन १९५०' असे लिहावे. 'सेटेड' हे रूप येथे नाही.

नकारार्थी वाक्यात पुन्हा मराठी आड येते. 'गेला नाही' यात भूतकाळ 'गेला'मध्येच राहतो, म्हणून 'डिड नॉट वेंट' लिहिले जाते. इंग्रजीत भूतकाळाचा भार 'डिड' उचलतो आणि मुख्य क्रियापद मूळ रूपात येते: 'डिड नॉट गो'. प्रश्नातही तेच: 'व्हेन डिड द प्लॅन बिगिन?' मात्र 'हू' हाच कर्ता असेल, तर होकारार्थी प्रश्नात 'डिड' लागत नाही: 'हू रोट द रिपोर्ट?'