‘सेव्हिंग अप’ : ब्रिटनमध्ये नव्याने आलेल्यांसाठी

लंडन, रेडिंग, मिल्टन कीन्स इथे स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांशी बोलून हे टिपण तयार केलं आहे. पहिला पगार हातात येण्याआधी ते वाचावं, एवढीच अपेक्षा आहे.

ऑफिसात चहाच्या वेळी ‘वी आर सेव्हिंग अप फॉर अ डिपॉझिट’ हे वाक्य तुमच्या कानावर हमखास पडेल. नुसतं ‘सेव्ह’ म्हणजे वाचवणं. ‘सेव्ह अप’ म्हणजे ठरवलेल्या गोष्टीसाठी थोडं थोडं साठवत जाणं, म्हणून त्यापाठोपाठ बहुतेकदा ‘फॉर’ येतं. रेल्वेकार्डामुळे तिकिटात पैसे वाचले तर ते ‘सेव्ह ऑन’, तिथे ‘अप’ चालत नाही. पैशांखेरीजही हा शब्द वापरतात. दिवाळीला भारतात जायचं म्हणून रजा साठवताय, तर बॉसला ‘आय अ‍ॅम सेव्हिंग अप माय लीव्ह’ म्हणा. मात्र न वापरलेली रजा पुढच्या वर्षात नेता येते का, हे आधी करारात बघा.

इथले बरेच लोक महिनाअखेरीला उरेल ते साठवण्यावर विसंबत नाहीत. पगाराच्या दिवशीच स्टँडिंग ऑर्डरने, म्हणजे बँकेला आधीच देऊन ठेवलेल्या सूचनेने, पैसे दुसऱ्या खात्यात जातात. हीच सवय लावून घ्या. सुरुवातीला गावी पैसे पाठवायची घाई होते, ती समजण्यासारखी आहे. पण अडीनडीला इथे तुमच्यामागे कोणी नसतं. तीन महिन्यांचं भाडं आणि घरखर्च आधी इथल्या खात्यात साठू द्या.

वरच्या वाक्यातलं डिपॉझिट घर विकत घेतानाचं, भाड्याच्या घराचं डिपॉझिट वेगळं. इंग्लंडमध्ये ते सहसा पाच आठवड्यांच्या भाड्याहून जास्त मागता येत नाही आणि घरमालकाला ३० दिवसांत मान्यताप्राप्त योजनेत ठेवावं लागतं. त्याची पावती मागून घ्या, संकोच करू नका.

स्वतःच्या घरासाठी साठवणाऱ्यांना लाइफटाइम आयसा (आयसा म्हणजे करमुक्त बचत खातं) सुचवला जातो. वयाच्या १८ ते ३९ वर्षांत तो उघडता येतो, वर्षाला ४,००० पौंडांपर्यंत भरता येतात आणि त्यावर सरकार २५ टक्के भर घालतं. पण आपल्यापैकी अनेकांची गोष्ट इथेच अडते. ही योजना पहिलंच घर घेणाऱ्यांसाठी आहे आणि ‘पहिलं’ म्हणजे जगात कुठेही पहिलं. पुण्यात तुमच्या नावावर फ्लॅट असेल तर हे पैसे घरासाठी वापरता येत नाहीत. वडिलोपार्जित घरात हिस्सा असेल तरीही आधी नीट चौकशी करा. साठच्या वयाआधी इतर कारणासाठी पैसे काढले तर २५ टक्के कापले जातात. म्हणजे तुम्ही १,००० भरले, सरकारने २५० घातले, मग काढताना १,२५० मधून ३१२.५० गेले. हातात आले ९३७.५०. बोनस तर गेलाच, वर पदरचे ६२.५० गेले. फ्लॅट नावावर असलेल्यांनी या खात्याच्या वाटेला जाऊच नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. साधा कॅश आयसा बरा, त्याच्या व्याजावर इथे कर नाही.

पगारपत्रकावर ‘पेन्शन’ म्हणून कापलेली रक्कम पाहून बरेच जण त्यातून बाहेर पडतात, कारण ‘आपण कुठे कायमचे इथे राहणार’. तसं करू नका. पगाराच्या ठरावीक भागावर तुमचे ५ आणि कंपनीचे किमान ३ टक्के जमा होतात. बाहेर पडलात की सहसा कंपनीचा वाटाही जातो. भारतात परतलात तरी ते पेन्शन तुमच्याच नावावर राहतं.

भारतातल्या खात्यांचंही बघा. अनिवासी झाल्यावर नेहमीचं बचत खातं तसंच चालू ठेवता येत नाही, ते एनआरओ (अनिवासींचं साधं) खातं करून घ्यावं लागतं. एनआरई (परदेशातली कमाई ठेवण्याच्या) खात्याचं व्याज भारतात करमुक्त असलं तरी ब्रिटनमध्ये करपात्र ठरू शकतं. नव्याने आलेल्यांना पहिली चार वर्षं परदेशी उत्पन्नावर सूट मिळू शकते, पण ती आपणहून मागावी लागते. मुदत ठेवी मोठ्या असतील तर दोन्ही देशांचे नियम जाणणाऱ्या करसल्लागाराला पहिल्याच वर्षी भेटा. इथलं करवर्ष ५ एप्रिलला संपतं.