म्हशीच्या शिंगाची दुखापत आणि आजार

म्हशीच्या शिंगाचे वरचे काळे कवच खुरासारखे निर्जीव असते. त्याच्या आतला गाभा मात्र कपाळाच्या हाडाचाच वाढलेला, जिवंत भाग असतो. दोन्हींच्या मध्ये रक्तवाहिन्यांनी भरलेला नाजूक थर असतो. पूर्ण वाढलेल्या म्हशीत हा गाभा बुडाशी पोकळ असतो आणि ती पोकळी कपाळातून नाकापर्यंत जोडलेली असते. म्हणूनच शिंग बुडातून मोडले की त्याच बाजूच्या नाकपुडीतून रक्त येते. असे रक्त दिसल्यास दुखापत वरवरची समजू नये.

शिराळा तालुक्याच्या पश्चिम भागात, चांदोलीकडे, पावसाळ्यात जनावरे बराच काळ गोठ्यातच असतात. पंढरपुरी म्हशीची शिंगे तलवारीसारखी लांब, खांद्याच्याही मागे जाणारी. आखूड दावे, अरुंद गव्हाण आणि खेटून बांधलेल्या म्हशी असल्या की शिंग मेढीत किंवा गव्हाणीच्या दांड्यात अडकते आणि म्हशीने हिसका दिला की मोडते. झुंज, घसरून पडणे, टेम्पोतली वाहतूक ही इतर कारणे.

काही वेळा नुसते कवच निघून येते. आतला गाभा लालभडक, रक्ताळलेला दिसतो आणि म्हैस डोक्याला हात लावू देत नाही. गाभा शाबूत असेल तर जखम स्वच्छ करून मलमपट्टी केल्यावर ती भरते, हळूहळू नवे कवचही येते. ते जरा वेडेवाकडे असते इतकेच. गाभा मधूनच मोडला किंवा बुडाशी हलू लागला तर तो सहसा सांधत नाही. शिंगाची नस बधिर करून ते शस्त्रक्रियेने काढावे लागते.

डॉक्टर येईपर्यंत स्वच्छ कापड जखमेवर घट्ट दाबून दोन्ही शिंगांभोवती आलटून पालटून वेढे देत पट्टी बांधावी. राख, शेण, चुना, जळके ऑइल यांपैकी काहीही लावू नये. गाभ्याचे भोक उघडे असेल तर त्यात पाणी किंवा औषध ओतू नये. ते थेट कपाळाच्या पोकळीत उतरते आणि तिथे पू धरतो. मग नाकातून घाण वास येतो, म्हैस डोके वाकडे धरते, चारा सोडते. धनुर्वाताच्या लसीबद्दल डॉक्टरांना आवर्जून विचारावे. प्रतिजैविक चालू असताना आणि नंतर सांगितलेल्या मुदतीपर्यंतचे दूध डेअरीला घालू नये.

पावसाळ्यात माश्यांमुळे जखमेत अळ्या पडतात. म्हैस सारखे डोके झटकते, जखमेतून पातळ, दुर्गंधीयुक्त स्राव येतो. अळ्या चिमट्याने पूर्ण काढल्याशिवाय वरून पट्टी बांधणे म्हणजे त्या आत कोंडणे होय.

मुऱ्हा म्हशीचे गोल वळलेले शिंग कधी कधी वाढत जाऊन कातडीत रुतते. जाफराबादीचे डोळ्यावर येते. टोक रुतण्याआधीच थोडे थोडे कापून घ्यावे. एकदम जास्त कापले तर जिवंत भाग उघडा पडून रक्तस्राव होतो.

शिंगाचा कर्करोग मुख्यतः मध्यमवयीन बैलांत आढळतो, म्हशीत कमी. त्यामुळेच म्हशीत तो उशिरा ओळखला जातो. म्हैस एकच शिंग झाडाला किंवा भिंतीला घासते, डोके त्या बाजूला कलते, एका नाकपुडीतून रक्तमिश्रित स्राव येतो. शिंगावर बोटाने ठोकल्यास पोकळ आवाजाऐवजी बद्द आवाज येतो. पुढे शिंग बुडाशी ढिले होऊन एका बाजूला झुकते. या अवस्थेपर्यंत थांबणे घातक आहे. वेळीच शिंग बुडापासून काढून नमुना तपासणीस पाठवल्यास आणि जोडीला व्हिन्क्रिस्टिन या कर्करोगावरच्या औषधाची इंजेक्शने दिल्यास जनावर वाचू शकते. गुंतागुंतीच्या शस्त्रक्रियेसाठी जवळचे ठिकाण म्हणजे शिरवळचे क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी 1962 हा टोल फ्री क्रमांक आहे.

दिवाळी पाडव्याला शिंगे रंगवण्याआधी ती कोरड्या कापडाने पुसून बुडापासून टोकापर्यंत चाचपावीत. ऑइलपेंटखाली बारीक चीर दिसत नाही. शिंगेच नको असतील तर रेडकू एक-दोन आठवड्यांचे असतानाच, भूल देऊन, डॉक्टरांकडून कोंब जाळून घ्यावा. पंढरपुरीत शिंग हीच जातीची ओळख असल्याने तिथे दोन म्हशींमधले अंतर वाढवणे हाच योग्य उपाय.