घरची गोल्डन एल : आधी तीनदा सारखी बनवा, मग नाव ठेवा



या आठवड्याच्या व्हिडिओची ही लेखी वही. व्हिडिओत जे पटापट उरकलं ते इथे निवांत बघू. विषय नेहमीपेक्षा वेगळा आहे : घरी बनवलेली गोल्डन एल, म्हणजे सोनेरी रंगाची बिअर, आणि तिचं नाव. मसाले, लोणची, बेकरीवाल्यांनो, पान बंद करू नका. नाव ठेवण्याची अडचण या एका वस्तूत जितकी उघडी पडते तितकी दुसऱ्या कशातच पडत नाही, म्हणून मी ती मुद्दाम घेतली आहे. आणि आपले बरेच दर्शक इंग्लंड-अमेरिकेत आहेत, त्यांना तर हे थेटच कामाचं आहे.

आधी कायद्याचं बोलून घेऊ. महाराष्ट्रात घरी बिअर बनवणं चालत नाही. महाराष्ट्र दारूबंदी कायदा, १९४९ प्रमाणे दारू बनवायला परवाना लागतो, आणि "घरच्यापुरती" म्हणून सूट मिळत नाही. तेव्हा इथे बसून हा प्रयोग करू नका, वाचा फक्त. ब्रिटनमध्ये १९६३ पासून स्वतःसाठी घरी बिअर बनवायला परवाना लागत नाही. अमेरिकेत १९७९ पासून एका प्रौढ माणसाला वर्षाला १०० गॅलन आणि दोन किंवा जास्त प्रौढांच्या घराला २०० गॅलनपर्यंत केंद्राच्या कायद्याने मुभा आहे, राज्याचे नियम वेगळे बघायचे. पण दोन्हीकडे घरची बिअर विकता येत नाही. विकायची म्हटलं की परवानगी आणि कर आलाच. म्हणजे घरचं पातेलं ही तुमची प्रयोगशाळा, दुकान नव्हे.

सोनेरीच का?

इंग्लंडमधली पारंपरिक बिटर ही तांबूस-तपकिरी. १९८० च्या दशकात तरुण गिऱ्हाईक फिकट, थंडगार लागरकडे वळलं. छोट्या ब्रुअरींकडे लागरची महागडी यंत्रणा नव्हती. लागर थंडीत आंबवून कित्येक आठवडे मुरवावी लागते, एल साध्या १८-२० अंशांना दहा दिवसांत तयार होते. मग त्यांनी काय केलं, पद्धत एलचीच ठेवली आणि रंग लागरच्या जवळ नेला. सॉमरसेटमधल्या एक्समूर ब्रुअरीने १९८६ मध्ये आपल्या हजाराव्या बॅचच्या निमित्ताने 'एक्समूर गोल्ड' काढली. थोड्याच वर्षांत सॉल्झबरीच्या हॉप बॅक ब्रुअरीने 'समर लाइटनिंग' आणली. ही ब्रुअरी सुरू झाली एका पबच्या तळघरात! मोठ्याचं गिऱ्हाईक आपल्या आहे त्या भांड्याकुंड्यांत कसं ओढायचं, याचा हा नमुना मला फार आवडतो.

पातेल्यातलं काम

बार्ली म्हणजे जव. ते भिजवून, मोड आणून, मंद उष्णतेवर वाळवलं की माल्ट. आपल्याकडे नाचणीला मोड आणून सत्त्व करतात, त्यातली पहिली पायरी हीच. गोल्डन एलसाठी फिकट माल्टच घ्यायचं. जास्त भाजलेलं थोडं जरी पडलं तरी रंग तांब्याकडे झुकतो.

२० लिटरच्या बॅचला फिकट माल्ट ३.८ किलो आणि गव्हाचं माल्ट २०० ग्रॅम. भरडलेलं माल्ट ६६ अंश सेल्सिअसच्या पाण्यात तासभर ठेवायचं, तेवढ्यात पिष्टाची साखर होते. हे तापमान काटेकोर पाळा. ६४ वर बिअर हलकी-कोरडी होते, ६८ वर जाडसर. मग गाळून तासभर उकळायचं. उकळी फुटली की चॅलेंजर जातीचे ३० ग्रॅम हॉप्स कडूपणासाठी, शेवटच्या पाच मिनिटांत ईस्ट केंट गोल्डिंग्ज २० ग्रॅम वासासाठी. हॉप्स म्हणजे एका वेलीची फुलं, कडू आणि सुगंधी. झटपट २० अंशांवर थंड करायचं, एलचं यीस्ट घालायचं, एअरलॉक लावून ठेवून द्यायचं. थंड झाल्यानंतर ज्या ज्या भांड्या-नळीचा स्पर्श होईल ती निर्जंतुक हवी, यात तडजोड नाही.

हायड्रोमीटर नावाची काचेची नळी घ्या. यीस्ट घालण्याआधी घनता १.०४२ आली आणि आंबून १.०१० वर थांबली, तर फरकाला १३१ ने गुणा : साधारण ४.२ टक्के अल्कोहोल. दोन-तीन दिवस आकडा तोच राहिला तरच बाटलीत भरा. आंबणं चालू असताना भरलं तर बाटली फुटते, काच उडते. वायूसाठी लिटरमागे ५-६ ग्रॅम साखर पुरते. दोन आठवडे थांबा.

तीन बॅच, एक वही

पहिली बॅच चांगली झाली की लोक लगेच लोगो काढायला बसतात. थांबा! चकलीचा एक घाणा खुसखुशीत झाला म्हणून कोणी चकलीचं दुकान टाकत नाही. नाव म्हणजे "मागच्या वेळी प्यायलात तीच पुन्हा मिळेल" हे वचन. तुम्हालाच ती पुन्हा बनवता येत नसेल तर वचन कशाचं देणार?

वहीत प्रत्येक बॅचला पान. तापमान, वजन, दोन्ही घनता, किती दिवस. एका वेळी एकच गोष्ट बदला. हॉप्सही बदलले आणि यीस्टही बदललं, मग चव कशाने सुधारली ते देवालाच माहीत.

आता दुसरी आणि तिसरी बॅच खरंच सारखी झाली का, हे कसं कळणार? घरच्यांना "कशी झालीय?" असं विचारू नका. घरचे "छान" म्हणतात. तीन ग्लास ठेवा : दोनांत एकाच बॅचची, एकात दुसऱ्या बॅचची. "यातला वेगळा कुठला?" एवढंच विचारा. सहा जणांना विचारलंत तर नुसत्या अंदाजानेही दोघांचं बरोबर येईल, म्हणजे दोघांनी ओळखलं तर हरकत नाही. पाच-सहा जणांनी ओळखलं तर फरक खरा आहे, परत पातेल्याकडे. हीच परीक्षा तुमच्या गोडा मसाल्याला लावून बघा, डोळे उघडतील.

खर्चाचंही त्याच वहीत लिहा. २० लिटरमधून गाळ जाऊन १८ लिटर हाती लागतं, म्हणजे अर्ध्या लिटरच्या ३६ बाटल्या. समजा इंग्लंडमध्ये साहित्याला २२ पाउंड लागले. लोक लगेच सांगतात, "बाटली ६१ पेन्सला पडली!" अहो, बनवायला सहा तास आणि भरायला दोन, या आठ तासांचं काय? तासाला १२ पाउंड धरले तरी ९६ झाले. एकूण ११८, म्हणजे बाटली सव्वातीन पाउंडांच्या वर, आणि यात बाटली, लेबल, कर, भाडं काहीच नाही. बीबीएला कॉस्टिंगचा पेपर होता, पण स्वतःच्या तासांचे पैसे लावायचे असतात हे मी गल्ल्यावर बसूनच शिकले.

आता नाव

इथे खरी गंमत आहे. ही बिअर विकली जाते रंगावर. पण हॉप्समधल्या कडू घटकांवर ऊन पडलं की बिअरला उग्र, घाणेरडा वास येतो, म्हणून बाटली तपकिरी घ्यावी लागते. म्हणजे तुमचा सगळ्यात मोठा गुण बाटलीनेच झाकला! पारदर्शक बाटलीचा मोह होतो. पण तीच बाटली दुकानदाराने उन्हाच्या खिडकीत ठेवली की संपलं. तेव्हा आत काय आहे ते नावानेच सांगायला हवं, ग्लासात ओतण्याआधी. लोणच्याची बरणी आरपार दिसते म्हणून तिथे नाव थोडं कमकुवत असलं तरी चालून जातं. इथे नाही.

जुन्या लोकांनी हे कसं सोडवलं ते बघा. 'एक्समूर गोल्ड' : प्रदेश अधिक रंग. सरळ, प्रामाणिक, पण 'गोल्ड' कोणीही लावू शकतं, आणि पुढे अनेकांनी लावलंच. 'ब्रुअर्स गोल्ड' : एसेक्सच्या क्राउच व्हेल ब्रुअरीची, २००५ आणि २००६ अशी दोन वर्षं चॅम्पियन बिअर ऑफ ब्रिटन ठरलेली. ब्रुअर्स गोल्ड हे मुळात हॉप्सच्या एका जातीचं नाव. म्हणजे मालाचं नाव आणि रंगाचं नाव एकातच उरकलं, हुशारी आहे! 'समर लाइटनिंग' : यात ना सोनं, ना गाव. पी. जी. वुडहाउसच्या १९२९ च्या कादंबरीचं हे नाव. तरी उन्हाळा, हलकेपणा, चमक हे सगळं दोन शब्दांत आलं. माझ्या मते तिघांत हेच सरस, कारण ते रंग सांगत नाही, रंग बघून जे वाटेल ते सांगतं.

आणि एक आपल्या मातीतलं. पुण्यात २००९ मध्ये सुरू झालेली मायक्रोब्रुअरी 'डूलाली'. हा शब्द म्हणजे आपली नाशिकजवळची देवळाली! मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट बघत गोरे सोजीर देवळाली कॅम्पात पडून राहायचे. तापाने आणि कंटाळ्याने डोकं फिरलेल्याला ते 'डूलाली टॅप' म्हणायचे, त्यातला 'टॅप' म्हणजे आपला ताप. इंग्रजीत तो शब्द "सटकलेला" या अर्थाने राहिला. गावाचं नाव, बोलायला मजेदार, मागे गोष्ट, आणि 'टॅप' म्हणजे बिअरची तोटीही. असं नाव वर्षातून एकदा कोणाला तरी सुचतं, त्यामुळे सुचलं नाही तर खट्टू होऊ नका.

आता आपण करून बघू. समजा इंग्लंडमधल्या मराठी घरात ही एल तीनदा सारखी झाली आहे आणि मराठी नाव हवंय.

'हळद'? रंग बरोबर, पण लोकांना वाटेल आत हळद आहे. नसलेल्या मालाचं नाव ठेवायचं नाही. 'सोन्याची जेजुरी'? अजिबात नको. देवाच्या ठिकाणाचं नाव दारूला दिलंत तर आपलीच माणसं दुखावतील, आणि भारतात धार्मिक भावना दुखावणारं चिन्ह ट्रेडमार्क कायद्याच्या कलम ९ खाली नोंदलंही जात नाही. 'चाफा'? छोटं, गोड, सोनचाफ्याचा रंगही आला. पण मेक्सिकोच्या बोलीत 'चाफा' म्हणजे भिकार दर्जाचा माल! उद्या अमेरिकेत न्यायची असेल तर आधीच बाद. 'कवडसा'? कौलातून आत आलेला उन्हाचा तुकडा. तीन अक्षरी उच्चार, इंग्रजाला वाचता येतो, रंग न सांगता सांगतो. हे मी यादीत ठेवलं असतं.

यादीतल्या नावाला काउंटरची परीक्षा. पंखा चालू, गाणी चालू, समोरच्याने एकदाच ऐकलं, त्याला ते परत म्हणता आलं पाहिजे. माझ्या दुकानात एका बचत गटाची शेंगदाणा चटणी येते. चव फर्स्ट क्लास, नाव पाच शब्दांचं. आजवर एकाही गिऱ्हाइकाने ते नाव घेतलेलं नाही. सगळे म्हणतात, "ताई, ती लाल झाकणवाली द्या." उद्या शेजारच्याने लाल झाकण लावलं तर?

मग नोंदणीचं बघा. बिअर ट्रेडमार्कच्या वर्ग ३२ मध्ये येते, वाइन आणि स्पिरिट ३३ मध्ये. भारतात आयपी इंडियाच्या साइटवर शोध फुकट आहे, ब्रिटनमध्ये तिथल्या आयपी ऑफिसच्या साइटवर. एका देशातली नोंदणी दुसऱ्या देशात चालत नाही. 'गोल्डन एल' असं नुसतं वर्णन नोंदायला गेलात तर अडेल, कारण वस्तूचं वर्णन कोणा एकाच्या मालकीचं होत नाही. भारतात व्यक्ती किंवा छोट्या उद्योगाला ऑनलाइन अर्जाचे एका वर्गाला ४,५०० रुपये, नोंदणी दहा वर्षांची, पुढे नूतनीकरण. शोधताना स्पेलिंग बदलून बघा, उच्चार सारखा असला तरी हरकत घेतली जाते. आणि ब्रिटनमध्ये पोर्टमन ग्रुपची नावं-पॅकिंगची आचारसंहिता आहे : मुलांना आकर्षित करणारं, ताकद किंवा मर्दानगी मिरवणारं नाव चालत नाही. कार्टूनवाली लेबलं तिथेच अडकतात.

या आठवड्याचा गृहपाठ, वस्तू कुठलीही असो. वहीतून तीन बॅच जुळल्याचं पान काढा. मग तीन नावं लिहा आणि ज्यांना तुमच्या धंद्याचं काही माहीत नाही अशा मावशी-काकांना फोन करून प्रत्येक नाव एकदाच सांगा. दोन दिवसांनी परत फोन करा आणि विचारा, "त्या दिवशी मी कुठली नावं सांगितली होती?" त्यांना जे आठवेल ते वर्ग ३२ मध्ये, किंवा तुमचा जो वर्ग असेल त्यात, शोधून बघा. लेबलवर काय काय छापायचं, टक्केवारी, बार्ली-गव्हाची ॲलर्जी-सूचना, बॅच नंबर, ते पुढच्या व्हिडिओत घेऊ.